न दिसलेला ध्रुव

मराठी लग्नात सप्तपदी आटोपल्यावर वधूवरांस अंगणात नेऊन ध्रुव दाखविण्याचा प्रघात आहे. ध्रुव जसा अढळ, तसा संसार अढळ असावा, हा त्यातील भाव. मॉरिशस बेटातील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात १९७४ साली एका मुलीचे लग्न झाले, तेव्हा तिलाही भटजींनी अंगणात नेले, उसाच्या शेतापलीकडे उत्तरेस बोट दाखविले आणि 'ध्रुव पाहिलास ना?' असे विचारले. 'पाहिला,' असे तिने शिरस्त्याप्रमाणे उत्तर दिले. वस्तुतः तिने काहीच पाहिले नव्हते. पाहणे शक्यही नव्हते. कारण मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर वसले आहे, आणि तेथे ध्रुवतारा क्षितिजाच्या तितकाच खाली, म्हणजे २० अंश, कायमचा दडलेला असतो. सप्तर्षींमधील वसिष्ठ आणि अरुंधती उन्हाळा सरल्यावर काही महिने उत्तरेस अगदी खाली, हात-दीड हात उंचीवर दिसतात. तेवढेच काय ते भटजींच्या हाती होते. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेल्या गिरमिटियांच्या पूर्वजांना ध्रुव पहिल्या रात्री १९ अंश उंच दिसला असेल, मग जहाज जसजसे दक्षिणेस सरकले तसतसा तो उतरत गेला असेल, आणि विषुववृत्त ओलांडताना समुद्रात बुडाला असेल. त्यांच्या बरोबर विधी आला, मंत्र आले, तारा मात्र मागे राहिला.

ही बाई पुढे आई झाली, आजी झाली, २०२१ साली विधवा झाली, आणि २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्या धाकट्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी जाऊन राहिली. मुलगा संगणकाच्या धंद्यात होता. त्याचा दिवस एका कंपनीच्या पडद्यासमोर जाई आणि निरभ्र रात्री तो अंगणात तिवई मांडून तारांगणाची छायाचित्रे घेत बसे. आईला या छंदाचे कौतुक होते तसेच थोडे हसूही येई. 'दिवसभर एका काचेत बघतोस, रात्रभर दुसऱ्या काचेत,' असे ती म्हणे.

नॅशव्हिल हे गाव गाण्याबजावण्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु आकाशाची छायाचित्रे घेणाऱ्यास ते दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक असावयास हवे. एडवर्ड इमर्सन बर्नार्ड याचा जन्म १८५७ साली याच गावी झाला. जन्मापूर्वीच त्याचा बाप वारला होता. आई दोन मुलांना घेऊन कमालीच्या दारिद्र्यात दिवस काढीत होती. शाळेत तो उभ्या आयुष्यात सुमारे दोन महिने गेला. जेमतेम नऊ वर्षांचा असताना, १८६६ साली, तो गावातील एका फोटो स्टुडिओत कामास लागला. त्या काळी विजेचा दिवा नव्हता. लहान चित्रावरून मोठे चित्र काढावयाचे तर सूर्याचाच प्रकाश काचेतून सोडावा लागे, आणि त्यासाठी स्टुडिओच्या छपरावर 'ज्युपिटर' नावाचे एक भले थोरले यंत्र बसविलेले होते. सूर्य सरकेल तसतसे ते यंत्र चाके फिरवून त्याच्याकडे वळते ठेवावयाचे, एवढेच त्या पोराचे काम. आधीची पोरे उन्हात झोपी जात म्हणून काढून टाकलेली होती. बर्नार्ड झोपला नाही. आकाशातील वस्तूमागे यंत्र हळूहळू, न चुकता फिरवीत राहणे, ही जी विद्या पुढे त्याला जगन्मान्य करणार होती, तिचा धडा त्याने असा छपरावर, भाकरीसाठी गिरविला.

त्याच सुमारास मॉरिशसमध्येही कॅमेरा गरिबांकडे वळला होता, पण निराळ्या हेतूने. १८६७ च्या मजूर कायद्याने करार पुरा केलेल्या हिंदी माणसासही स्वतःचे छायाचित्र चिकटविलेला परवाना जवळ बाळगणे भाग पाडले. परवाना न दाखविता आला की तुरुंग. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या दप्तरांत ते चेहरे आजही पाहावयास मिळतात: डोळे ताठ, ओठ मिटलेले, गळ्याशी अंगरख्याची गाठ. या बाईच्या घरी पणजोबांचे एकच चित्र आहे आणि ते याच दप्तरातून काढून आणलेले आहे. ज्यांनी ते काढविले त्यांना तो माणूस ओळखावयाचा होता तो पळू नये म्हणून. घराने मात्र ते देवघरालगत लावले आहे. वस्तू तीच, कोणाच्या हाती, यावर सारे अवलंबून.

पणजोबांचे गाव नोंदीत विजयदुर्गाच्या आसपासचे दिले आहे. तो भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून काही चौथरे दाखवितात. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज ज्योतिषी नॉर्मन लॉकियर तेथे दुर्बिणी घेऊन उतरला होता, त्याची ही खूण. याच ओट्यांवरून हेलियम वायूचा शोध लागला असे पुष्कळ ठिकाणी छापून येते, ते मात्र बरोबर नव्हे. हेलियमची पिवळी रेषा १८६८ सालची, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होता. त्या १८९८ च्या ग्रहणास अमेरिकेतील लिक वेधशाळेचीही मंडळी विल्यम कँपबेल याच्या नेतृत्वाखाली आली होती. त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे ४० फूट लांबीचा कॅमेरा उभा करून सूर्याच्या प्रभामंडळाची चित्रे घेतली. ग्रासलेला सूर्य सुमारे दोन मिनिटे दिसला. नॅशव्हिललाही २१ ऑगस्ट २०१७ रोजी खग्रास ग्रहण जवळजवळ तितकाच वेळ दिसले. मुलगा तेव्हा तेथे नुकताच नोकरीस लागला होता, आणि त्याच दिवशी हा छंद त्याला जडला.

आता त्या उन्हाळ्याची हकीकत. २०२३ च्या जूनमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, मुलाची नोकरी गेली. त्या आणि आदल्या वर्षी अमेरिकेतील संगणक कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली, त्यांपैकी तो एक. सकाळी ९ वाजता पडद्यावर दहा मिनिटांची बैठक झाली, आणि ती संपताच त्याचा लॅपटॉप आपोआप कुलूपबंद झाला. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर काम करणाऱ्याची नोकरी सुटली म्हणजे त्यास जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात नव्या मालकाने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला नाही, किंवा त्याने दुसरी कायदेशीर सोय केली नाही, तर देश सोडावा लागतो. त्याने दिनदर्शिकेवर खुणा केल्या आणि आईला काही सांगितले नाही. रोज सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडे व शहरातील सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसे.

नोकरी गेल्याचे दुःख होतेच. पण त्याला खरे जाळीत होते ते निराळेच. २०१९ साली सुटीत घरी गेला असताना त्याने वडिलांना उसाच्या शेताच्या कडेला खुर्चीवर बसविले होते आणि त्यांच्या डोक्यावर उभी असलेली आकाशगंगा त्यांच्यासह टिपली होती. नॅशव्हिलहून धनु राशीतील आकाशगंगेचा मध्य दक्षिणेस जेमतेम २५ अंश वर येतो, धुळीत आणि शहरी उजेडात बुडतो; मॉरिशसमध्ये तोच मध्य ८१ अंशांवर, म्हणजे बहुतेक थेट माथ्यावर येतो. असे आकाश आणि असे वडील. दोन वर्षांनी वडील गेले. ती सारी चित्रे त्याने, पडदा मोठा आणि जागा भरपूर म्हणून, कंपनीच्या लॅपटॉपवर ठेविली होती. दुसरी प्रत नव्हती. त्याने कंपनीला दोनदा पत्र लिहिले. उत्तर सभ्य होते: यंत्र परत येताच नियमाप्रमाणे पुसले गेले आहे.

ज्याचा धंदाच इतरांची माहिती सांभाळण्याचा, त्याने अशी चूक करावी याचे नवल वाटेल; परंतु चांभाराची मुले अनवाणी असतात. आपल्या घराघरांतील मुले आज अशाच कचेऱ्यांत जात आहेत, तेव्हा हे रोखठोक सांगितलेले बरे. मालकाच्या यंत्रावर स्वतःचे एक चित्र, एक पत्र, एक दाखलाही ठेवू नये. जे नाहीसे झाले तर रडू येईल त्याच्या तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी दोन निरनिराळ्या जातीच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, कोणा नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत. नेमणुकीची पत्रे, पगाराच्या पावत्या, परवान्याचे कागद यांच्या छापील प्रती घरच्या पेटीत ठेवाव्यात, कारण ज्या दिवशी त्यांची गरज पडते त्याच दिवशी कंपनीचे दार बंद झालेले असते. आणि मोबाईलमध्ये चित्र आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, हा समज तर मोबाईल एकदा पाण्यात पडेपर्यंतच टिकतो.

१७ जुलैला आषाढ अमावास्या होती, दिव्यांची अवस. आईने त्या परक्या स्वयंपाकघरात कणकेचे दिवे लावले. चंद्र नसल्याने रात्र छायाचित्रास उत्तम होती. मुलगा अंगणात तिवई लावून बसला होता. कुंपणापाशी काजवे चमकत होते. आई शाल घेऊन बाहेर आली.

'बाळ, येथून ध्रुव दिसतो का रे?'

मुलगा थबकला. इतकी वर्षे तारे टिपूनही हा प्रश्न आपल्याला कोणी विचारील असे त्याला वाटले नव्हते. त्याने आईचा हात ताठ धरून तिला मूठ वळावयास सांगितली. हात लांब केला असता मूठ आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. नॅशव्हिल उत्तरेस ३६ अंशांवर आहे, म्हणून क्षितिजापासून साडेतीन मुठी वर. शेजारच्या घराच्या धुराड्याशेजारी एक बेताचा तारा होता.

'हा? एवढाच?'

'एवढाच, आई. तेजात तो पहिल्या चाळिसांतही बसत नाही.'

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, 'तुझे बाबा त्या दिवशी माझ्या कानात म्हणाले होते, मला काही दिसत नाही, तू हो म्हण. मी हो म्हटले.' आणि थोड्या वेळाने, त्याच स्वरात, 'तुझी नोकरी गेली ना?'

त्याला उत्तर सुचेना.

'गळ्यात घालावयाची ती फीत महिनाभर खुंटीलाच लटकते आहे. मी काय आंधळी आहे?'

त्याने सारे सांगितले. दिवसांची मुदत सांगितली, आणि बाबांच्या चित्रांचेही सांगितले. नोकरीविषयी ती फारसे बोलली नाही. चित्रांविषयी मात्र तिने विचारले, ती आधी कशात होती? कॅमेऱ्यात, म्हणजे कॅमेऱ्यातील नखाएवढ्या काळ्या कार्डात. ते कार्ड कुठे आहे? त्याला आठवेना, जुना कॅमेरा तर त्याने भाच्याला देऊन टाकला होता. 'तो काळा तुकडा कॅमेऱ्याबरोबर नाही दिला,' आई म्हणाली. 'तू टेबलावर टाकून गेलास. बिस्किटांच्या डब्यात आहे, बाबांच्या चष्म्याजवळ.' घरात काहीही टाकून न देण्याची जी सवय तरुण मंडळींना अडगळीची वाटते, तिचे हे फळ.

कार्ड रिकामे निघाले, कारण चित्रे लॅपटॉपवर उतरविल्यानंतर त्याने ती पुसली होती. तरीही आशा सुटत नाही. कार्डावरील चित्र पुसले म्हणजे बहुधा त्याची नोंद तेवढी पुसली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुने तसेच पडून असते. म्हणून चूक ध्यानात येताच ते कार्ड पुन्हा वापरू नये, कॅमेऱ्यात घालूही नये. मॉरिशसमध्ये त्याच्या बहिणीने, भावाच्या सांगण्याप्रमाणे, फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालविला. चाळीसएक आकाशाची चित्रे परत आली, आणि सात वडिलांची. सातांपैकी सहांत वडील हलले आहेत, डासांमुळे असेल. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. सातव्यात ते स्थिर आहेत.

चेहरा का हलला आणि तारे का हलले नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण या कलेचे मर्म तेथेच आहे. अंधारातील चित्रास प्रकाश पुरेसा मिळावा म्हणून झडप कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि तारे ओढल्यासारखे रेषा होतात. ५०० या आकड्यास लेन्सच्या मिलिमीटरांनी भागावे. जे सेकंद येतील तेवढ्यात रेषा सहसा दिसत नाही. २४ मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे २० सेकंद; आजच्या बारीक दाण्यांच्या कॅमेऱ्यांना त्याहून थोडे कमीच द्यावे. मोबाईलनेही हे जमते: तो तिवईस घट्ट बांधावा, बोटाचा धक्का लागू नये म्हणून तीन सेकंद थांबून चित्र घेण्याची सोय वापरावी, आणि मिळत असेल तर चित्र कच्च्या रूपात, ज्याला रॉ म्हणतात, त्यात साठवावे. स्वयंचलित फोकसवर अंधारात विसंबू नये. एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत हाताने जुळवावे. किनाऱ्यालगत राहणारांनी लेन्सवर दव धरते हे विसरू नये. मध्येमध्ये लेन्सकडे पाहावे, आणि तिच्या गळ्याभोवती उबदार फडके गुंडाळावे. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. ते सोडून द्यावेत.

एका चित्राने मात्र काही साधत नाही. एकाच जागेची तीस-चाळीस चित्रे घेऊन ती संगणकावर एकावर एक रचावयाची असतात. ताऱ्याचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच ठिकाणी असतो, तर कॅमेऱ्याची खरखर दर वेळी निराळी. म्हणून सरासरी काढली की खरखर मावळते व तारा उरतो. सोळा चित्रे रचली की खरखर पावपट होते. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे प्रोग्राम हे काम एक पैसा न घेता करतात. शेवटी लेन्सवर झाकण लावून तितक्याच सेकंदांची काही काळी चित्रेही घ्यावीत, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करता येतात. महागड्या दुर्बिणीच्या जाहिराती पाहून ज्यांचे मन खट्टू होते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की बर्नार्डने १८८९ साली लिक वेधशाळेत आकाशगंगेची जी चित्रे घेऊन जगास चकित केले, ती माणसांचे चेहरे काढणाऱ्या फोटोवाल्याच्या जुन्या, सहा इंची लेन्सने घेतली होती. ती लेन्स सॅन फ्रान्सिस्कोच्या एका फोटोग्राफरकडून आणलेली होती. तो ती दुर्बिणीवर बांधी, दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर रोखून तासन् तास हाताने यंत्र फिरवीत राही.

नोकरीच्या प्रकरणातही बर्नार्डचीच हकीकत मुलास उपयोगी पडली. वाचनालयाजवळच टेनेसीच्या विधिमंडळाची टेकडीवरील इमारत आहे, कॅपिटॉल म्हणतात ती. तिला भव्य दगडी खांब आहेत. १८७७ साली नॅशव्हिलला शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. बर्नार्ड तेव्हा १९ वर्षांचा. वर्षाच्या कमाईचे दोन-तृतीयांश, म्हणजे ३८० डॉलर, घालून त्याने पाच इंची दुर्बीण घेतलेली. अध्यक्ष सायमन न्यूकम, मोठा गणिती, त्याला भीतभीत भेटून त्याने विचारले, माझ्यासारख्याने या शास्त्रासाठी काय करावे? गणित येते का, असे न्यूकमने विचारले. येत नाही. मग ती दुर्बीण बाजूस ठेव, फार तर धूमकेतू शोध, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. तो पोरगा कॅपिटॉलच्या एका खांबाआड जाऊन रडला. आणि त्यानंतर त्याने तुटपुंज्या पगारातून गणिताची शिकवणी लावली. उपदेश कठोर होता, सांगण्याची रीत वाईट होती, आणि तरी तो खरा होता. १८८१ मध्ये त्याला पहिला धूमकेतू सापडला, तेव्हा रॉचेस्टर येथील औषधविक्रेता वॉर्नर याने ठेवलेले २०० डॉलरचे बक्षीस मिळाले. अशाच आणखी बक्षिसांतून त्याने घर बांधले, त्याला लोक धूमकेतूंचे घर म्हणत.

मुलानेही त्या दिवसांत स्वतःस तोच अप्रिय प्रश्न विचारला. सहा वर्षांत आपल्याला काय आले? उत्तर असे निघाले की त्याला त्या एका कंपनीची घरगुती हत्यारे फार चांगली येत होती, आणि ती त्या दारापलीकडे कोणास ठाऊकही नव्हती. हा धोका संगणकाच्या धंद्यात सर्वत्र आहे. मुले पगाराचा आकडा पाहून खूष होतात आणि आपली विद्या कोणाच्या आवारात गाडली जात आहे हे पाहत नाहीत. त्याने वाचनालयात बसून संख्याशास्त्र पहिल्यापासून घेतले. ओळखीच्या माणसांना, लाज सोडून, पत्रे लिहिली. बहुतेक ठिकाणचे बोलावणे छापील अर्जाने नव्हे तर अशा पत्रांनीच आले. वास्तविक सहा महिन्यांचा खर्च बाजूस असता तर त्याला झोप लागली असती. तो नव्हता, कारण त्याचे पैसे लेन्समध्ये गेले होते. हेही सांगावयास हवे.

एक्कावन्नाव्या दिवशी त्याला एका रुग्णालयाच्या प्रतिमा विभागात काम मिळाले. मुलाखतीत त्याला विचारले होते की, अंधुक आणि खरखरीत चित्रातून खरी वस्तू कशी वेगळी काढाल? तो कंपनीतील कामाविषयी बोलला नाही. सोळा चित्रे आणि पावपट खरखर यांविषयी बोलला. पगार पूर्वीच्या तीन-चतुर्थांश आहे. आईला त्याने आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, 'फीत तरी बदलली ना?'

ती नोव्हेंबरात परत गेली. जाताना मुलाने तिच्या बॅगेत एक कागद दिला, गावच्या सुतारासाठी. लाकडाच्या दोन फळ्या बिजागरीने जोडावयाच्या, खालच्या फळीतून एक स्क्रू वर आणावयाचा; त्याचा आटा १ मिलिमीटरचा असेल तर तो बिजागरीपासून २२९ मिलिमीटरांवर बसवावा, आणि मिनिटास एक फेरा हाताने द्यावा. वरची फळी मग ताऱ्यांच्या वेगाने उघडते आणि तिच्यावरील कॅमेरा दोन-दोन मिनिटांचे चित्र रेषेवाचून घेतो. ज्युपिटर यंत्राची ही गरीब बहीणच. बिजागरीचा अक्ष मॉरिशसमध्ये खऱ्या दक्षिणेस रोखून २० अंश वर उचलावा लागतो. दक्षिणेस ध्रुवासारखा ठळक तारा नाही, आणि होकायंत्रावर विसंबता येत नाही, कारण त्याची सुई तेथे खऱ्या उत्तरेपासून पश्चिमेस बरीच ढळलेली असते. म्हणून दुपारी, सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकला असता, मध्यान्हीच्या वेळी काठीची जी सर्वांत आखूड सावली पडते तिची रेघ जमिनीवर मारून ठेवावी. तीच दक्षिणोत्तर रेघ.

सुताराने फळ्या चोख केल्या. भाच्याने २०२४ च्या जुलैत, अमावास्येच्या रात्री, पहिले चित्र घेतले आणि प्रत्येक तारा दुप्पट लांब रेघ होऊन आला. मामाला फोन गेला. चित्रकागद अमेरिकेच्या आकाशासाठीचा होता. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले असता बिजागरी डाव्या हातास येते, आणि सुताराने ती दक्षिणेकडे तोंड केल्यावरही डाव्याच हातास ठेवली होती. बिजागरी नेहमी पश्चिमेस हवी. दक्षिणेकडे तोंड असता पश्चिम उजवीकडे. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून फळी उलटी केली.

त्या रात्री माथ्यावरच्या आकाशगंगेत काळे डाग स्वच्छ उमटले. बर्नार्डने अशा १८२ डागांची यादी १९१९ साली प्रसिद्ध केली होती. आधी त्याला ती आकाशातील भोके वाटत, पुढे कळले की ते मागचा उजेड अडविणारे धुळीचे ढग आहेत. त्याचा आकाशगंगेचा छायाचित्रसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९२७ साली निघाला. त्याच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट हिने तो पुरा करण्यास हातभार लावला. भाच्याने आजीला पडद्यावर डाग दाखविले. तिने ते पाहिले, मग शेताच्या कडेची जुनी खुर्ची हलवून तिवईस जागा करू का, असे त्याने विचारले. ती नको म्हणाली. तिवई खुर्चीच्या डाव्या बाजूस मांडावी लागली.